शिलारसाचा ताळेबंद : भिलाईच्या झोतभट्टीपासून सह्याद्रीच्या कड्यांपर्यंत

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर येते ते पोलाद. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज तेव्हापासून या नगरीत वितळत आले आहे. झोतभट्टीच्या तळाचे छिद्र उघडले, की धगधगता रस बाहेर पडतो. त्याचे पुढे दोन प्रवाह होतात. एक असतो लोखंडाचा आणि दुसरा त्यावर तरंगत आलेल्या धातुमळीचा. लोखंडाचे रूळ होतात, पत्रे होतात. त्याचे कौतुक सर्वांनाच असते. मळीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

भूविज्ञानाच्या अभ्यासकाची दृष्टी नेमकी या दुसऱ्या प्रवाहावर खिळते. ही मळी म्हणजे वितळलेला दगडच होय. सिलिका, चुना, ॲल्युमिना आणि मॅग्नेशिया हे तिचे मुख्य घटक. ज्वालामुखीच्या पोटातील शिलारसही याच घटकांचा बनलेला असतो. फक्त त्यांचे प्रमाण वेगळे असते आणि त्यात लोह, सोडियम, पोटॅशियम यांची भर असते. ज्वालामुखी शांतपणे वाहणार की पर्वताचे शिखर उडवून देणार, हे बव्हंशी या प्रमाणांवर ठरते. भिलाईच्या भट्टीवरील तंत्रज्ञ ज्या नियमाचा रोज उपयोग करतो, तोच नियम पृथ्वीच्या पोटातही चालतो. त्या नियमाचा हा अल्पसा परिचय.

खडकाचा ताळेबंद

प्रयोगशाळेत खडकाचे रासायनिक पृथक्करण करतात, तेव्हा त्यातील प्रत्येक घटक टक्केवारीत मांडला जातो आणि सर्वांची बेरीज शंभराच्या जवळपास यावी लागते. ती तशी आली नाही, तर कोठेतरी चूक आहे असे समजून पुन्हा तपासणी होते. बँकेच्या ताळेबंदाशी याचे नाते वाचकांच्या लगेच ध्यानात येईल. या ताळेबंदात सर्वांत मोठी रक्कम बहुधा एकाच नावावर असते. ते नाव म्हणजे सिलिका, अर्थात सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग. नदीकाठची स्वच्छ वाळू ही मुख्यतः सिलिकाच.

सिलिकाच्या प्रमाणानुसार ज्वालामुखी खडकांचे ढोबळ वर्ग पाडले जातात. सिलिका साधारणतः ४५ ते ५२ टक्के असेल तर तो बेसाल्ट; महाराष्ट्राचा काळा कातळ तो हाच. ५२ ते ६३ टक्क्यांपर्यंत अँडेसाइट, त्यापुढे ६९-७० टक्क्यांपर्यंत डेसाइट आणि त्याहून अधिक असेल तर रायोलाइट. बेसाल्टमध्ये लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियम भरपूर असल्याने तो काळा व जड असतो. रायोलाइटमध्ये हे घटक अल्प असतात, म्हणून तो बहुधा फिकट, करडा वा गुलाबी दिसतो.

पंचेचाळीस आणि सत्तर या आकड्यांतील अंतर पंचवीस टक्क्यांचेच आहे. परंतु त्यामुळे शिलारसाच्या वागणुकीत पडणारा फरक थोडाथोडका नसतो. वितळलेला बेसाल्ट मधासारखा वाहतो. रायोलाइटचा रस त्याच्या तुलनेत लक्षावधी ते कोट्यवधी पट दाट असतो. द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या या अंतर्गत विरोधाला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात. व्यवहारात आपण त्याला दाटपणा म्हणतो.

साखळी आणि कात्री

एवढा फरक पडण्याचे कारण सिलिकाच्या रचनेत आहे. सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजन अणूंना धरून असतो. हे चौकडे एकमेकांशी ऑक्सिजनच्या दुव्यांनी जोडले जातात आणि त्यांच्या साखळ्या व जाळी तयार होतात. खडक वितळला तरी ही जाळी पूर्णपणे तुटत नाही. सिलिका जितकी अधिक, तितकी जाळी घट्ट आणि रस तितका दाट.

कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांसारखे घटक या जाळीत शिरले, की ते कात्रीचे काम करतात. ऑक्सिजनचे दुवे तुटतात, साखळ्या आखूड होतात आणि रस मोकळेपणाने वाहू लागतो. झोतभट्टीत चुनखडक टाकण्याचे एक प्रमुख कारण हेच आहे. खनिजातील माती-दगडांतून आणि कोकच्या राखेतून आलेली सिलिका एकटी असती, तर भट्टीच्या तापमानातही ती धड वाहिली नसती. नंदिनीच्या खाणीतील चुनखडक आणि हिर्रीचा डोलोमाइट यांनी भिलाईच्या भट्ट्यांत ही कात्री पुरविली. चुना व सिलिका यांचे प्रमाण जवळपास समसमान, किंवा चुन्याकडे किंचित झुकते राखले, की १४०० ते १५०० अंश सेल्सिअसला मळी एरंडेल तेलाप्रमाणे सरळ वाहून जाते. भारतीय खनिजांत ॲल्युमिना अधिक असल्याने मळी दाट होण्याकडे कल असतो. म्हणून मॅग्नेशियाचे प्रमाणही सांभाळावे लागते. प्रमाण चुकले तर मळी भट्टीतच अडते आणि वर चढणाऱ्या वायूंचा व खाली उतरणाऱ्या मालाचा मार्ग बिघडतो.

तापमानाचाही यात वाटा आहे. चिक्कीसाठी केलेला गुळाचा पाक गरम असताना पळीवरून घरंगळतो आणि निवताच ताठरतो, हा अनुभव घरोघरचा. बेसाल्टचा रस साधारणतः १००० ते १२०० अंश तापमानाला बाहेर पडतो, तर रायोलाइटचा ६५० ते ८५० अंशांच्या आसपास. म्हणजे रायोलाइट दोन्ही बाजूंनी अडतो. त्यात सिलिका अधिक आणि उष्णता कमी.

निसर्गात ही वेगवेगळी प्रमाणे येतात कोठून? पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणाचा खडक अंशतः वितळला, की बहुधा बेसाल्टचा रस मिळतो. हा रस वर येताना वाटेत साचून राहिला, तर त्यातून प्रथम कमी सिलिकेची खनिजे स्फटिकरूपाने बाहेर पडून तळाशी बसतात. उरलेल्या द्रवातील सिलिकेचा हिस्सा त्यामुळे वाढत जातो. भोवतालचा सिलिकायुक्त कवचाचा खडक वितळून त्यात मिसळला, तर ती वाढ अधिकच होते. थोडक्यात, जो रस झपाट्याने वर येतो तो बेसाल्ट राहतो आणि जो खोलवर दीर्घकाळ मुरतो तो रायोलाइटच्या वाटेला लागतो.

गोटी सोडा आणि पिठले

केवळ दाटपणामुळे स्फोट होत नाही. स्फोटाला बळ देतो तो वायू. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड व गंधकाचे वायू विरघळलेले असतात. खोलवरच्या प्रचंड दाबाखाली ते रसातच राहतात. रस वर येऊ लागला की दाब उतरतो आणि वायूंचे बुडबुडे सुटू लागतात. गोटी सोड्याची बाटली बंद असेपर्यंत आतील पाणी निवांत दिसते; अंगठ्याने गोटी आत ढकलताच ते फसफसून वर येते. वायू आधीही तेथेच होता. त्याला डांबून ठेवणारा दाब तेवढा गेला.

आता हे बुडबुडे बाहेर कसे पडतात, हा कळीचा प्रश्न. त्याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. चुलीवर पाणी उकळताना बुडबुडे वर येतात, फुटतात आणि वाफ निघून जाते. त्याच चुलीवर पिठले रटरटू लागले, की प्रत्येक बुडबुडा दाट पिठाखाली अडतो, फुगतो आणि फुटताना शिंतोडे उडवतो. म्हणून गृहिणी पिठल्यावर झाकण ठेवून हात मागे घेते. आच तीच, वाफही तीच. फरक फक्त दाटपणाचा.

बेसाल्टच्या पातळ रसातून वायू वाट काढतात. काही वेळा अग्नीची कारंजी उडतात, परंतु रस मुख्यतः नदीसारखा वाहतो. रायोलाइट व डेसाइट यांत मात्र पाणी बहुधा अधिक, कधी पाच-सहा टक्क्यांपर्यंत असते आणि रस एवढा दाट असतो, की बुडबुड्यांना सुटकाच मिळत नाही. शिवाय विरघळलेले पाणी स्वतः जाळी तोडणारे असल्यामुळे ते वायुरूपाने वेगळे झाले, की उरलेला रस आणखी घट्ट होतो. आतील दाब वाढत जातो आणि अखेरीस संपूर्ण रसच फुटून त्याचा चुरा होतो. हा चुरा म्हणजेच ज्वालामुखीची राख. ती लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास ती काचेच्या टोकदार तुकड्यांची बनलेली दिसते. वायूच्या पोकळ्यांसह गोठलेले मोठे तुकडे म्हणजे पाण्यावर तरंगणारा प्यूमिस दगड.

दोन उदाहरणांवरून हा फरक स्पष्ट व्हावा. हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीचा रस बेसाल्टचा. २०१८ साली त्याने सातशेहून अधिक घरे गिळली, परंतु लाव्हा पुढे सरकत असताना लोकांना घरे सोडून जाण्यास अवधी मिळाला. अमेरिकेतीलच सेंट हेलेन्स पर्वताचा रस डेसाइटचा. १८ मे १९८० रोजी त्याची उत्तरेकडील बाजू कोसळली, आतील दाब एकाएकी सुटला आणि ५७ माणसे दगावली.

डोंगरगडपासून कसाऱ्यापर्यंत

हे दोन्ही प्रकार पाहण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. नोकरीच्या निमित्ताने भिलाईत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुटीत ज्या गाडीने मुंबईकडे निघतात, तिच्या खिडकीतूनही पृथ्वीचे हे दोन ताळेबंद वाचता येतात.

भिलाईचा भूभाग ज्वालामुखीचा नाही. प्राचीन उथळ समुद्रात साचलेल्या चुनखडक व शेल यांच्या थरांवर हे शहर वसले आहे. नंदिनीचा चुनखडक त्यांपैकीच. दुर्ग, राजनांदगाव मागे टाकून गाडी डोंगरगडला पोहोचते, तेव्हा बम्लेश्वरी देवीच्या डोंगराकडे प्रवाशांचे हात आपोआप जोडले जातात. याच टापूत, बोरतलाव-दरेकसाच्या वनराईतून थेट गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा परिसरापर्यंत, अतिप्राचीन रायोलाइट खडक पसरले आहेत. बिजली या गावावरून भूवैज्ञानिकांनी त्यांना 'बिजली रायोलाइट' असे नाव दिले. त्यांचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे मानले जाते. रायोलाइटबरोबर तेथे ज्वालामुखीची राख दाबली जाऊन झालेले खडकही सापडतात. ज्या रसाचा काही भाग भूपृष्ठावर न येता खोलवरच सावकाश गोठला, त्याचा ग्रॅनाइट झाला. डोंगरगडचा ग्रॅनाइट त्याच कुळातील. आज जेथे सागाची झाडे आहेत, तेथे कधीकाळी दाट रसाचे स्फोटक उद्रेक झाले, हे या खडकांच्या रचनेवरून व पृथक्करणावरून समजते.

गाडी गोंदिया, भंडारा करीत नागपूरला येते आणि चित्र पालटते. नागपूरच्या मध्यभागी असलेली सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची आहे. दख्खनच्या काळ्या कातळाची पूर्व सीमा याच परिसरातून जाते. तेथून पुढे वर्धा, भुसावळ, नाशिक आणि इगतपुरी-कसाऱ्याच्या घाटापर्यंत काळ्या मातीची व काळ्या दगडाची सोबत सुटत नाही. पावसाळ्यात कसारा घाटातील कड्यांकडे पाहिले, तर एकावर एक रचलेल्या आडव्या थरांच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. प्रत्येक थर म्हणजे लाव्हारसाचा एकेक पूर. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच या खडकांना 'ट्रॅप' हे नाव पडले.

हे पूर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आले. त्यांतील बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर बाहेर पडला. झीज होऊनही आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. छत्तीसगढमध्येही मैकल डोंगररांगेत आणि सरगुजातील मैनपाटच्या पठारावर त्याचे अवशेष आढळतात. दक्षिणेकडे किल्लारी येथे घेतलेल्या वेधनविवरात ३३८ मीटर, तर कोयना परिसरात ९०० मीटरांहून अधिक खोलीपर्यंत बेसाल्टच लागला. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर याच थरांचे.

या लाव्हाचा पातळपणा किती होता, याची साक्ष सह्याद्रीपासून दूर आंध्र प्रदेशात मिळते. गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीजवळ बेसाल्टचे काही थर आहेत. त्यांचे रासायनिक पृथक्करण महाबळेश्वर भागातील थरांशी जुळते. सुमारे एक हजार किलोमीटरचा हा प्रवास लाव्हाने प्राचीन नदीखोऱ्यांतून केला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पृथ्वीवरील ज्ञात लाव्हाप्रवाहांत तो सर्वांत लांबच्या प्रवाहांपैकी ठरतो. रायोलाइटच्या रसाला एवढी मजल मारणे शक्यच नव्हते. वेरूळचे कैलास लेणे एका अखंड कातळातून कोरता आले, त्यामागेही हेच जाड व दूरवर पसरलेले थर आहेत.

तथापि दख्खनची कहाणी सर्वस्वी एकरंगी नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर मढ, गोराई, उत्तन या भागांत ट्रॅकाइट व रायोलाइट खडक दिसतात. दख्खनच्या अखेरच्या पर्वात काही रस मुरला, त्यातील सिलिका वाढली आणि वागणूकही बदलली. एकाच घराण्यात शांत व तापट स्वभावाची माणसे असावीत, तसा हा प्रकार.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी नावाचे गाव आहे. तेथे नदीच्या गाळात पांढुरक्या राखेचा थर सापडतो. भोवताली सर्वत्र काळा बेसाल्ट असताना या राखेत मात्र सिलिका सत्तर टक्क्यांहून अधिक आहे. पृथक्करण जुळते ते सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. बोरीची राख त्या उद्रेकाची की टोबाच्याच आणखी जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. परंतु सुमारे तीन हजार किलोमीटरवरून वाऱ्याने आलेली ही राख घराची राख नव्हे, हे ताळेबंदाने निःसंशय दाखविले. बेसाल्ट जमिनीवरून वाहत लांब जातो आणि रायोलाइट आकाशातून. बोरीच्या नदीकाठी दोघांची गाठ पडली आहे.

शांत म्हणजे निरुपद्रवी नव्हे

एवढ्यावरून बेसाल्टला निरुपद्रवी मानणे मात्र घातक ठरेल. पातळ रसातून वायू सहज निसटतात, हे खरे. पण निसटून ते हवेतच जातात. ८ जून १७८३ रोजी आइसलँडमधील लाकी येथे जमिनीला लांबलचक भेग पडली आणि आठ महिने बेसाल्ट वाहत राहिला. मोठा स्फोट नाही की कोसळलेला पर्वत नाही. परंतु त्याबरोबर निघालेल्या गंधकाच्या व फ्लोरीनच्या वायूंनी गवत विषारी झाले, निम्म्याहून अधिक गुरेमेंढ्या मेल्या आणि त्यानंतरच्या दुष्काळात देशाच्या लोकसंख्येपैकी सुमारे पाचवा हिस्सा नाहीसा झाला.

दख्खनच्या उद्रेकांशी लाकीची तुलनाच होऊ शकत नाही, एवढा त्यांचा व्याप मोठा होता. डायनोसॉरांचा अंत झाला तो काळही हाच. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेली अशनी त्याला मुख्यतः कारणीभूत, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनमधून निघालेल्या वायूंनी हवामान बदलून त्यात किती भर घातली, याचा अभ्यास सुरू आहे.

सिलिका आणखी कमी झाली, तर धोका वेगळेच रूप घेतो. काँगोमधील न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या लाव्हात सिलिका जेमतेम ४० टक्क्यांच्या आसपास असते. १९७७ साली तेथील लाव्हातलाव फुटला, तेव्हा लाव्हा उतारावरून ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने धावल्याचा अंदाज आहे. एरवी लाव्हापुढून माणूस चालतही निघून जाऊ शकतो. येथे त्याला पळूनही निभावता आले नाही.

पाणी बाहेरून मिळाले, तर बेसाल्टही स्फोटक होतो. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी म्हणजे अंदमानमधील बॅरन बेट. श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून ते सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. त्याचा रस बेसाल्ट व त्याच्या जवळच्या अँडेसाइटचा. दीर्घ निद्रेनंतर १९९१ साली ते जागे झाले आणि पुढेही अधूनमधून राख व लाव्हा ओकत राहिले. न्यूझीलंडमधील तारावेरा पर्वताने १० जून १८८६ रोजी बेसाल्टचाच असूनही भीषण स्फोट घडविला आणि शंभराहून अधिक बळी घेतले. रस किती वेगाने वर येतो आणि वायूला वाट मिळते की नाही, यांनाही महत्त्व आहे. ताळेबंदातील एक आकडा पाहून निर्णय करू नये; सर्व नोंदी एकत्र वाचाव्यात, हा धडा येथेही लागू पडतो.

आकडा आणि कृती

या सर्व अभ्यासाचा सामान्य माणसाला उपयोग काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर दोन पर्वतांनी दिले आहे.

फिलिपाइन्समधील पिनाटुबो पर्वत सुमारे पाचशे वर्षे स्वस्थ होता. जंगलाने झाकलेल्या या डोंगराला ज्वालामुखी मानणारेही थोडेच होते. १९९१ च्या एप्रिलमध्ये तेथे वाफेचे स्फोट सुरू झाले. भूवैज्ञानिकांनी भोवतालच्या दऱ्यांतील जुने थर तपासले. ते डेसाइटच्या प्यूमिसचे व राखेचे होते आणि पर्वतापासून दूरवर पसरलेले होते. म्हणजे हा पर्वत जागा होतो तेव्हा तो वाहत नाही, फुटतो. त्यावरून धोक्याचा नकाशा तयार झाला आणि हजारो लोकांना हलविण्यात आले. १५ जून १९९१ रोजी विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक तेथे झाला. त्याच दिवशी वादळही आले. पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळून काहीशे माणसे मृत्युमुखी पडली. परंतु पूर्वसूचनेमुळे किमान पाच हजार प्राण वाचले, असा अंदाज आहे. सुमारे दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात गेला आणि पुढील वर्षी जगाचे सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरले.

दुसरा पर्वत कोलंबियातील नेवादो देल रुईस. त्याचा रस अँडेसाइट ते डेसाइट, आणि माथ्यावर बर्फ. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये धोक्याचा नकाशा तयार झाला होता आणि आर्मेरो हे गाव त्यात धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेले होते. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री उद्रेक झाला. बाहेर पडलेला रस तसा थोडाच होता, पण त्याने बर्फ वितळले आणि चिखलाचा लोंढा नदीपात्रातून निघाला. आर्मेरोपर्यंत पोहोचण्यास त्याला दोन तासांहून अधिक वेळ लागला. त्या अवधीत गाव हलविले गेले नाही. सुमारे २३,००० माणसे प्राणांस मुकली.

दोन्ही ठिकाणी ताळेबंद वाचलेला होता. एका ठिकाणी त्यावर सह्या होऊन कृती झाली, दुसऱ्या ठिकाणी कागद टेबलावरच राहिला.

भिलाईच्या झोतभट्टीवर हा ताळेबंद रोज वाचला जातो. मळीचा नमुना प्रयोगशाळेत जातो, चुना व सिलिका यांचे प्रमाण कळते आणि पुढच्या भरणीत चुनखडकाचे माप त्यानुसार बदलते. बाहेर आलेल्या मळीवर पाण्याचा मारा केला, की तिला स्फटिक होण्यास सवड मिळत नाही आणि तिचे काचेसारखे कण होतात. ज्वालामुखीच्या राखेतील काचेशी त्यांचे सख्य उघड आहे. हे कण दळून सिमेंटमध्ये मिसळले जातात. भिलाईलगतच्या जामुलच्या कारखान्यात या मळीपासून सिमेंट तयार होत आले आहे आणि त्या सिमेंटने कित्येक घरांच्या भिंती उभ्या केल्या आहेत.

शिलारस ताब्यात आला, तर त्याची भिंत होते आणि दुर्लक्षिला गेला, तर त्याच्याखाली भिंती गाडल्या जातात. पृथ्वीच्या पोटातील रसात चुनखडक टाकून त्याला पातळ करणे मानवाच्या हाती नाही. त्याचा ताळेबंद वेळेवर वाचणे आणि वाचल्यावर उठून निघणे, एवढे मात्र निश्चित त्याच्या हाती आहे. यापुढे मुंबईकडे जाताना डोंगरगडचे फिकट खडक मागे पडून सीताबर्डीचा काळा कातळ दिसू लागला, की सिलिकेच्या त्या पंचवीस टक्क्यांची आठवण प्रवाशाला अवश्य व्हावी.